अंगणातील शिळा आणि अदिन्नादान

विनयपिटकातील चुल्लवग्गाच्या सेनासनक्खन्धकात विहाराच्या परिवेणातील, म्हणजे भिक्खूंच्या खोल्यांभोवतीच्या अंगणातील, चिखलाची हकीकत येते. ती भगवंतांच्या कानावर घातली गेली तेव्हा अंगणात 'मरुम्ब' पसरण्याची अनुज्ञा मिळाली. तेवढ्याने भागेना, तेव्हा 'पदरसिला', म्हणजे सपाट दगडांची फरसबंदी, करण्याची अनुज्ञा मिळाली. त्यावरही पाणी साचून राहू लागले, तेव्हा 'उदकनिद्धमन', म्हणजे पाणी बाहेर काढणारी मोरी, बांधण्याची मिळाली. चार-दोन ओळींत हा विषय संपतो आणि ग्रंथ पुढच्या अडचणीकडे वळतो. आमच्या अल्प माहितीप्रमाणे, घराभोवती दगड कसे योजावेत याविषयी पाली वाङ्मयात इतके नेमके दुसरे स्थळ नाही.

दगडगोट्यांनी अंगण सजविण्याचा विषय पाली भाषेच्या अभ्यासकाने हाती घ्यावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण तो विषय आपल्याकडे बुद्धाचे नाव घेऊनच येतो, म्हणून त्याची समीक्षा करणे आम्हांस भाग आहे. शहरांतील बंगल्यांपुरती असलेली ही टूम आता तालुक्याच्या गावांपर्यंत आणि काही ठिकाणी विहारांच्या आवारापर्यंत पोहोचली आहे. दोन-तीन मोठे धोंडे, भोवती पांढरी खडी, मध्ये सिमेंटचे किंवा फायबरचे बुद्धमस्तक, आणि या सगळ्याला 'झेन उद्यान' असे नाव. मांडणाऱ्याची श्रद्धा प्रामाणिक असते याविषयी आम्हांस शंका नाही. शंका आहे ती त्या दगडांविषयी. ते कोठून आले, कोणी आणले, आणि ज्या परंपरेचा दाखला दिला जातो ती खरोखर काय सांगते?

प्रथम शब्दाचा विचार करू. 'मरुम्ब' या शब्दाचा अर्थ अट्ठकथाकारांनी 'कटसक्खरा' असा दिला आहे. म्हणजे बारीक, टोकदार खडे. हे वाचताना मराठी वाचकाला 'मुरूम' आठवल्यावाचून राहणार नाही. केवळ ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरवू नये हा पंडितांचा दंडक आम्हांस मान्य आहे. परंतु अर्थ आणि उपयोग या दोन्ही बाजूंनी हा पदार्थ आपल्या ओळखीचा आहे, एवढे निश्चित. पावसाळ्यापूर्वी अंगणात मुरूम टाकून तो चोपणे हे खानदेशातल्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. समन्तपासादिकेत दगडांची प्रतवारीही दिली आहे. मुठीहून मोठा तो 'पासाण', मुठीएवढी ती 'सक्खरा', खापरांचे तुकडे ती 'कठला', त्यानंतर मरुम्ब आणि शेवटी वाळू. हे माप हाताचे आहे, डोळ्याचे नव्हे. दगड उचलणाऱ्याच्या बाजूने केलेली ही प्रतवारी आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

ही प्रतवारी ज्या नियमाच्या निमित्ताने आली तोही येथे पाहिला पाहिजे. आळवी येथील भिक्खू नवे बांधकाम करताना जमीन खणीत होते. जमिनीत जीव आहे असे मानणाऱ्या लोकांनी त्यावर टीका केली. तेव्हा जमीन खणणे हे भिक्खूंसाठी पाचित्तिय ठरविण्यात आले. त्या नियमाच्या विवरणात 'जाता' आणि 'अजाता' असे पृथ्वीचे दोन प्रकार केले आहेत. जिच्यात माती अधिक व दगड कमी ती जाता, आणि जी निव्वळ दगडाची, खड्यांची वा वाळूची ती अजाता. एवढेच नव्हे, तर बाहेर पडून राहिलेला मातीचा ढीग चार महिन्यांहून अधिक काळ पावसात भिजला, तर तोही 'जाता' होतो. चार महिन्यांच्या पावसाने मातीत जीव येतो हे शेतकऱ्याचे निरीक्षण येथे विनयाचा नियम होऊन बसले आहे.

आता चिंचपाड्याकडे वळू. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुक्याचे हे गाव सुरत–भुसावळ लोहमार्गावर आहे. (१ जुलै १९९८ पूर्वी हा सारा भाग धुळे जिल्ह्यात होता.) वस्ती प्रामुख्याने आदिवासी, आणि जिल्ह्याच्या पूर्वेकडील भागाच्या मानाने येथे पाऊस अधिक. भूमी दख्खनच्या काळ्या पाषाणाची. धुळे–नंदुरबारचा प्रदेश भूशास्त्रज्ञांना 'डाईक' या खडकप्रकारासाठी विशेष परिचित आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा जमिनीच्या भेगांत घुसून तेथेच थिजला. भोवतीचा मऊ खडक झिजून गेल्यावर ती भेग उघडी पडली आणि शेताशिवारांतून कोसच्या कोस जाणाऱ्या, मोडक्या तटबंदीसारख्या भिंती दिसू लागल्या. या खडकाचे व सभोवतीच्या पाषाणाचे कोपरे हवापाण्याने कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटत जातात आणि आत गोल, गुळगुळीत धोंडा शिल्लक राहतो. सजावटीसाठी मागणी असते ती याच धोंड्याला.

या भागातल्या जुन्या घराचे अंगण पाहिले तर तेथे दगड पुष्कळ असतात, परंतु 'मांडलेला' दगड एकही नसतो. कुडाच्या भिंतीला पावसाचे शिंतोडे लागू नयेत म्हणून पागोळ्या जेथे पडतात तेथे गोट्यांची ओळ असते. पागोळीचे पाणी दगडावर आपटते, माती उकरली जात नाही आणि भिंतीचा पाया शाबूत राहतो. ओट्याला चढताना पाय ठेवण्यासाठी एक चपटा दगड असतो, धुण्याचा एक असतो, पाण्याच्या भांड्याखाली एक असतो. उतारावर माती धरून ठेवण्यासाठी रचलेली दगडांची ताल असते. शेतात हाच दगड बांधावर जातो आणि नाल्यात पाणलोटाच्या कामाचा अनघड दगडी बांध होतो. चुल्लवग्गातील तिन्ही अनुज्ञा, म्हणजे चिखलावर खडे, पायाखाली फरशी आणि पाण्याला वाट, या अंगणांत कोणी विनय न वाचताही पाळलेल्या दिसतात. यात आम्हांस मुळीच चमत्कार वाटत नाही. मगधातला पाऊस आणि नवापुराकडचा पाऊस यांनी माणसाला एकच धडा दिला, इतकेच.

याउलट नव्या सिमेंटच्या घरांपुढची सजावट पाहावी. आम्ही पाहिलेल्या एका अंगणात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नाल्यातले तीन धोंडे आणून फरशीवर नुसते ठेवले होते. बूड जमिनीत नाही, त्यामुळे ते बाजारातून आणलेल्या वस्तूसारखे दिसत. दोन धोंड्यांमधून अंगणाचा उतार जात होता आणि तोच पांढऱ्या खडीने बुजला होता. जूनमधले पाणी घराच्या जोत्याशी थांबे. पश्चिमेच्या भिंतीला लागून काळा पाषाण ठेवला तर तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते घरात सोडतो, हेही खानदेशाच्या उन्हाळ्यात विसरण्याजोगे नाही. आणि दगडांचा सैल ढीग म्हणजे विंचवाला आणि फुरशाला दिलेले आमंत्रण, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगूनही कोणी ऐकले नव्हते. ही टीका सौंदर्याची नाही, केवळ उपयुक्ततेची आहे, असे कोणी म्हणेल. आमच्या मते या विषयात दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. जो दगड आपल्या जागी काही काम करतो तोच डोळ्यालाही पटतो. जुन्या घराच्या पागोळीखालची गोट्यांची ओळ आम्हांस त्या तीन धोंड्यांहून अधिक सुंदर वाटली.

सजावटीच्या बाजूने पहिला दाखला दिला जातो तो जपानचा. क्योतो येथील रिओआन-जी हे झेन मंदिर १४५० मध्ये स्थापन झाले. तेथील उद्यान जगप्रसिद्ध आहे. सुमारे २५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद अशा जागेत पांढरी खडी, तीवर पाच गटांत मांडलेले पंधरा दगड, आणि सज्जात कोठेही बसले तरी एक तरी दगड दृष्टीआड राहतो. १९९४ मध्ये युनेस्कोने प्राचीन क्योतोच्या वारशात त्याचा समावेश केला. छायाचित्रांतून हे उद्यान सर्वत्र पोहोचले आणि 'दगड व खडी म्हणजे ध्यान' असे समीकरण रूढ झाले.

परंतु जपानी उद्यानकलेचा सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ 'साकुतेइकी' हा झेन पंथ जपानात रुजण्यापूर्वीचा, अकराव्या शतकातला आहे आणि तो भिक्षूचा नसून ताचिबाना नो तोशित्सुना या दरबारी सरदाराच्या नावावर आहे. त्यात 'दगड उभारणे' हाच शब्दप्रयोग उद्यान रचण्यासाठी येतो. दगडाची मागणी काय आहे ते ओळखून पुढचा दगड ठेवावा, असा त्याचा रोख आहे. डोंगरात उभा असलेला दगड उद्यानात आडवा करू नये, आडवा असलेला उभा करू नये, केल्यास अनिष्ट ओढवते, असा निषेधही त्यात आहे. अनिष्टाची भीती सोडून द्यावी. पण दगडाच्या मूळ स्थितीचा एवढा आदर आपल्याकडच्या ट्रॉलीवाल्या सजावटीत कोठे आहे? शिवाय त्या ग्रंथाचा पुष्कळसा भाग पाण्याविषयी आहे. प्रवाह कोणत्या दिशेने न्यावा, धबधबा कसा बांधावा, काठ कसा राखावा, हे तो सांगतो. कोरडे उद्यानही तेथे येते, पण पाणी जेथे नाही तेथे पाण्याची आठवण म्हणून. पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर जे उद्यान झाले आहे आणि ज्याला पु. ल. देशपांडे यांचे नाव आहे, ते या दृष्टीने पाहावे. तेथे दगड काठाला आहेत, पायवाटेला आहेत, पाणी अडवायला आणि वळवायला आहेत, म्हणून ते उपरे वाटत नाहीत.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे आणि ती आपल्या वाचकांपुढे फारशी आलेली नाही. क्योतोची ही उद्याने प्रत्यक्ष हातांनी रचली कोणी? मंदिरांचे आचार्य आणि शोगुन यांची नावे सर्वत्र आढळतात. परंतु दगड निवडणारे, ओढून आणणारे आणि बसविणारे पुष्कळदा 'कावारामोनो' होते. या शब्दाचा अर्थ नदीकाठची माणसे. नदीच्या कोरड्या पात्रात, जेथे सारा बसत नसे, तेथे त्यांना राहावे लागे. मेलेली जनावरे उचलणे, कातडे कमावणे, विहिरी खणणे ही त्यांची कामे, आणि त्यांचा स्पर्श अपवित्र मानला जाई. महाराष्ट्रातील बौद्ध वाचकाला याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. याच लोकांतून झेनआमी हा पंधराव्या शतकातला थोर उद्यानकार निघाला आणि शोगुन आशिकागा योशिमासाने त्याला आश्रय दिला. रिओआन-जीच्या पंधरा दगडांपैकी एकाच्या पाठीमागे, प्रेक्षकाला दिसणार नाही अशा बाजूला, दोन नावे कोरलेली आहेत. ती कावारामोनो कारागिरांची असावीत असे अभ्यासक मानतात. पुढून पाहणारा ध्यान करतो आणि मागे ज्याने दगड बसविला त्याचे नाव. या उद्यानावर पुष्कळ भावपूर्ण लेखन झाले आहे. त्यांपैकी बहुतेकांना ही मागची बाजू ठाऊक नसते, किंवा असली तरी महत्त्वाची वाटत नाही.

झेनआमीचा नातू माताशिरो यानेही उद्यानेच रचली. त्याचे बोलणे पंधराव्या शतकाच्या अखेरीस एका झेन भिक्षूच्या रोजनिशीत नोंदले गेले आहे. त्याचा आशय असा, की ज्या कुळात जनावरे मारली जातात त्यात जन्म झाल्याचे त्याला दुःख होते, म्हणून शक्यतो जीव घ्यायचा नाही आणि दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ धरायचा नाही असे त्याने ठरविले होते. पाणातिपात आणि अदिन्नादान यांपासून विरती, म्हणजे पंचशीलातील पहिली दोन शीले, एका अस्पृश्य उद्यानकाराने स्वतःच्या धंद्याची शिस्त म्हणून स्वीकारली. जन्माला दोष देण्याचा त्याचा विचार आपण स्वीकारणार नाही. तो त्याच्यावर लादलेला होता. परंतु 'झेन उद्यान' हे शब्द उच्चारणाऱ्याने आधी या माणसाच्या दोन प्रतिज्ञा आठवाव्यात. आमच्या दृष्टीने अंगणातील शिळेची खरी कसोटी तीच आहे. हा दगड आणताना काय मारले गेले आणि हा दगड कोणी दिला?

या कसोटीसाठी जपानला जाण्याचीही आवश्यकता नाही. विनयातील दुसऱ्या पाराजिकाची, म्हणजे अदिन्नादानाच्या नियमाची, मूळ कथा घरबांधणीचीच आहे. धनिय नावाचा कुंभारपुत्र भिक्खू राजगृहाजवळच्या डोंगरावर गवताची कुटी बांधून राहत होता. तो भिक्षेला गेला की गवत-लाकूड गोळा करणारे लोक ती मोडून नेत. असे तीनदा झाले. मग त्याने सगळी मातीची कुटी रचली आणि गवत, शेणी, लाकूड घालून ती भाजली. कुटी सुंदर झाली, इन्दगोपकासारखी लाल झाली. भगवंतांनी ती पाहून मोडावयास लावली. ती भाजताना किती जीव मेले असतील याचा विचार त्या माणसाने केला नाही म्हणून. त्यानंतर धनियाने राजाच्या लाकूडकोठारातून लाकडे आणली. राखणदाराला त्याने सांगितले, की ही राजाने दिलेलीच आहेत. वस्सकार अमात्याच्या ध्यानात हे आले आणि प्रकरण बिम्बिसारापुढे गेले. राज्याभिषेकाच्या वेळी गवत, लाकूड आणि पाणी समण-ब्राह्मणांना दिले असे आपणच घोषित केले होते, असा युक्तिवाद धनियाने केला. राजाचे उत्तर मार्मिक आहे. ते बोलणे पापभीरू माणसांना उद्देशून होते आणि रानातल्या, कोणाच्याही ताब्यात नसलेल्या वस्तूंविषयी होते.

'डोंगरातला दगड, त्याचा मालक कोण?' हा प्रश्न आज सर्रास विचारला जातो आणि तो धनियाचाच आहे. त्याचे उत्तर आज अधिक स्पष्ट देता येते. दगड, मुरूम आणि वाळू ही 'गौण खनिजे' आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे खनिजांवरील हक्क शासनाचा आहे आणि विनापरवाना उत्खननास दंड आहे. नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात असल्याने १९९६ चा पेसा कायदा तेथे लागू होतो आणि गौण खनिजाचा खाणपट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची अथवा पंचायतीची शिफारस आवश्यक ठरते. वनहक्क कायदा, २००६ हा त्यापुढचा टप्पा. थोडक्यात, ज्याला 'अपरिग्गहित', म्हणजे कोणी आपला न म्हटलेला, म्हणावे असा डोंगर आता उरलेला नाही. धोंडा उचलण्यापूर्वी ज्याला विचारायचे तो गाव तेथे आहे.

कायद्यात न मावणारी एक गोष्ट अशी की रानातला दगड हा नेहमी नुसता दगड नसतो. त्याला शेंदूर लावला असेल तर तो वाघदेव असू शकतो. शेंदूर पावसाने धुऊन गेला असेल तर परक्याला ते कळतही नाही. तो शिवेचा दगड असू शकतो. दुसऱ्या पाराजिकाच्या विवरणात शेताची खूण, कुंपण वा मर्यादा सरकविणे हेही चोरीतच गणले आहे, हे येथे सांगितले पाहिजे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी सह्याद्रीतल्या जुन्या वाटांवर शेंदूर फासलेले अनघड दगड हिंडून शोधले आणि बौद्ध लेणी बहुधा त्याच वाटांवर, त्याच ठाण्यांच्या शेजारी आहेत, हे दाखवून दिले. कार्ल्याच्या चैत्याशेजारी एकवीरा आहे हे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण. त्यांचे पिताजी धर्मानंद कोसंबी यांनी 'बौद्धसंघाचा परिचय' लिहून विनय मराठीत आणला. पुत्राने दगड वाचले. दोघांचे काम शेजारी ठेवून पाहण्याची सवय आपल्याकडे अजून लागलेली नाही, हे जाता जाता नमूद करतो.

जागेवरून हललेला दगड काय गमावतो याचे उदाहरण पाली अभ्यासकाला तर दूर शोधावे लागत नाही. अशोकाच्या ज्या एका लेखात सात धम्मग्रंथांची नावे येतात तो राजस्थानातील बैराटचा लेख १८४० मध्ये कॅप्टन बर्ट यांना मिळाला आणि ती शिळा कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीत नेण्यात आली. अक्षरे सुरक्षित राहिली, त्यांवर पुष्कळ विद्वत्ताही खर्च झाली. परंतु राजाने ज्या भिक्खूंना उद्देशून ते ग्रंथ सांगितले त्यांच्या डोंगराशी असलेला त्या दगडाचा संबंध तुटला. गिरनारची शिळा जागच्या जागी आहे. तेथे जाऊन उभे राहणाऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही.

दुसरा दाखला दिला जातो तो मनःशांतीचा. घरापुढे शिळा असली की मनाला स्थैर्य येते, अमुक दिशेला असली तर अधिक येते, असे विकणारे सांगतात आणि घेणारे मानतात. संयुत्तनिकायात असिबन्धकपुत्त गामणीला भगवंतांनी एक दृष्टान्त दिला आहे. कोणी एक मोठी शिळा खोल डोहात टाकली आणि लोकांनी काठावर जमून, हात जोडून, फेऱ्या घालून तिला वर येण्याची विनवणी केली, तर ती वर येईल काय? येणार नाही, असे गामणीनेच उत्तर दिले. तो दृष्टान्त कर्माविषयी आहे, परंतु शिळेला विनवणाऱ्यांचे ते चित्र आजच्या अंगणांनाही तंतोतंत लागू पडते. धम्मपदात वाऱ्याने न हलणाऱ्या एकसंध खडकाची उपमा पंडितासाठी आहे. निंदास्तुतीने न हलणे हे पंडिताने करावयाचे; खडकाने ते त्याच्यासाठी करून द्यावयाचे नाही.

बुद्धमस्तकाविषयी एकच मुद्दा. धडावेगळे मस्तक ही शिल्पाची मूळ कल्पना नव्हे. पूर्ण मूर्ती जड, मस्तक हलके, म्हणून चोरांनी आणि संग्राहकांनी ती तोडली आणि बाजाराने त्या तुटलेपणाचीच शैली केली. जाव्हातील बोरोबुदूर येथील ५०४ बुद्धमूर्तींपैकी तीनशेहून अधिक भग्न आहेत, बहुतेकांना शिर नाही. तोडलेल्या मस्तकाची नक्कल खडीत ठेवून तिला श्रद्धा म्हणणे आम्हांस पटत नाही. विहाराच्या आवारात तर ते असूच नये.

यावर असा आक्षेप येईल की विनयात केवळ उपयोग आहे, सौंदर्याला स्थान नाही. तसे नाही. थेरगाथेत महाकस्सप थेरांच्या गाथा आहेत. धनियाच्या कुटीला दिलेला इन्दगोपक हाच शब्द तेथे पुन्हा येतो, आणि दोन्ही स्थळे शेजारी ठेवून वाचावीत अशी आमची शिफारस आहे. निळ्या ढगांसारखे, थंड पाण्याचे, शेवाळाने झाकलेले आणि इन्दगोपकांनी भरलेले खडक आपल्याला आनंद देतात, असे थेर सांगतात. इन्दगोपक म्हणजे मृगाचा किडा, पहिल्या पावसात जमिनीतून वर येणारा, मखमली, तांबडा. कस्सपांच्या खडकावरचा लाल रंग जिवंत किड्यांचा आहे. धनियाच्या कुटीचा लाल रंग किडे जाळून मिळविलेला आहे. दोन्ही सुंदर, पहिल्याची गाथा झाली, दुसऱ्याचे खापर झाले. आणि कस्सपांनी त्या शिळांपैकी एकही उचलून आणलेली नाही. ते स्वतः तेथे चढून गेले, तेही वृद्धपणी.

मग घराभोवती दगड असूच नये काय? असे आम्ही मुळीच म्हणत नाही. जातकांत राजांच्या उद्यानांतून 'मङ्गलसिलापट्ट' वारंवार येतो. तो बसण्यासाठी असतो. कान्हेरीच्या डोंगरात पाहावे. कोरीव लेखांत दान म्हणून पाण्याच्या पोढीचा उल्लेख आहे, आसनांचा आहे, चंक्रमणाच्या वाटेचा आहे. सगळे जागच्या खडकात कोरलेले, पाणी आणि पाय यांच्या सोयीचे. दीड-दोन हजार वर्षे पावसाचे पाणी तेथे ठरविलेल्या वाटेने टाक्यांत उतरते आहे. महाराष्ट्रातील बौद्धांना शिळेच्या योजनेचा आदर्श हवाच असेल तर तो क्योतोत नाही, बोरिवलीत आहे.

चिंचपाड्यासारख्या ठिकाणी विहिरीच्या किंवा पायाच्या खोदाईत निघालेला दगड घरमालकाच्या आवारातच असतो. तो आधी वापरावा. त्यासाठी नाल्यात जेसीबी घालण्याची गरज नाही. नाल्यातला धोंडा पाण्याचा वेग मोडतो आणि काठ सांभाळतो. तो काढला तर पुढच्या पुरात कोणाच्या तरी शेताची माती जाते, म्हणजे तो दगड न दिलेला असतोच आणि त्याबरोबर जमीनही न दिलेली घेतली जाते. एक मीटर व्यासाच्या काळ्या धोंड्याचे वजन दीड टनाच्या आसपास भरते. पहार आणि दोर लावून तो हलविणारी माणसे बहुधा वडार समाजाची असतात. खडी फोडण्यापासून धरणे बांधण्यापर्यंत महाराष्ट्राचे दगडकाम ज्यांनी केले, त्यांची गणना आजही विमुक्त जातींत होते. त्यांची मजुरी सजावटीच्या खर्चात सर्वांत शेवटी आणि घासाघीस करून दिली जाते. रिओआन-जीच्या दगडामागे निदान दोन नावे तरी आहेत. एखाद्या विहाराने आवारात शिळा बसविलीच, तर देणगीदाराच्या पाटीवर ती बसविणाऱ्यांची नावेही कोरावीत, अशी आमची सूचना आहे. खर्च दोन ओळींचा आहे.

दगड बसविताना त्याचा तिसरा हिस्सा तरी जमिनीत जावा. तो ज्या अंगावर पडून होता तीच बाजू खाली राहावी. शिवारातल्या दगडाची वरची, ऊन-पावसात करड्या डागांची झालेली बाजू आणि मातीतली तांबूस बाजू पाहिल्याबरोबर ओळखू येते. विहाराच्या आवारात आमच्या मते एक चपटी शिळा पुरे. ती झाडाच्या सावलीत, दोन माणसे बसतील एवढी, गुडघ्याइतक्या उंचीची असावी. भोवती मुरूम चोपलेला असावा आणि उतार मोरीकडे काढलेला. पहिल्या पावसात पाणी कोठे थांबते ते पाहून मोरीची जागा ठरवावी, त्याआधी नव्हे. श्रावणात अशा शिळेवर शेवाळ धरते. ते काथ्याने घासून काढले म्हणजे पुन्हा बसता येते.